काळी कॉफी आणि दाताच्या डॉक्टरांची पाटी

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं पोट वर्षभरात असं सुटलं, की शिडीवर चढल्यावर भिंतीला त्याच्याआधी तेच टेकायचं.

"रोज सहा कप काळी कॉफी घ्या, भावोजी," मेहुणा म्हणाला. "भूक मरते, चरबी वितळते."

मेहुणा स्वतः चांगला भरलेला होता. पण फुकटचा सल्ला द्यायला वजनाची अट नसते.

पेंटरने मनावर घेतलं. दूध नाही, साखर नाही. तोंड कडूजहर व्हायचं, पण भूक खरंच मेली. डबा अर्धा परत येऊ लागला. बायकोने भाजी चाखून पाहिली, मीठ बरोबर होतं. मग तिने विषय सोडून दिला.

आठवड्यात हात कापायला लागले. नेमकं तेव्हाच दाताच्या डॉक्टरांचं काम आलं. दवाखान्याच्या दारावर त्यांना मोठ्या अक्षरात 'अजिबात दुखणार नाही' असं हवं होतं. पेंटरने लिहून दिलं. एकूण एक अक्षर थरथरत होतं आणि 'नाही'ची वेलांटी पार घसरली होती.

चार दिवसांनी डॉक्टर स्वतः दुकानात आले.

"अहो पेंटर, पेशंट पाटी वाचून दारातूनच परत जातायत."

"का हो?"

"म्हणतात, लिहिणाऱ्याचीच ही गत, तर आमचं काय!"

पेंटरने खाली मान घालून कॉफीचं सांगितलं.

"कमी करा," डॉक्टर म्हणाले. "भूक थोडीफार मरते, पण शरीराला सवय झाली की तेही नाही. पोट कमी करायचं तर खाणं आवरा आणि चाला. आणि जरा आ करा. बघा, दातही काळवंडलेत."

कॉफी दोन कपांवर आली आणि पोटातले कावळे रजा संपल्यासारखे कामावर हजर झाले. पेंटरने दात-ओठ खाऊन पोळ्या कमी केल्या. कामावर रिक्षाऐवजी शिडी खांद्यावर टाकून पायी जाऊ लागला. डॉक्टरांची पाटीही त्याने नव्याने, सरळ अक्षरात रंगवून दिली.

दोन महिन्यांनी काटा तीन किलो खाली आला.

"बघा!" बायको म्हणाली. "माझ्या भावाने सांगितलं होतं ना!"

पेंटरने तोंड उघडलं, मग विचार करून मिटलं. एवढ्या वर्षांचा संसार त्याने उगाच नव्हता टिकवला.