गळतीचं पाणी

विहिरीत सोडलेली फीत वर आली ती कोरडी ठाक. एउदोसियाने ती बोटांत चोळून पाहिली.

"ओल कुठाय रे, विल्मेर?"

"तळ लागला, मावशी," तिचा भाचा म्हणाला. पाणी खात्यात इंजिनिअर झाला तरी तिच्यापुढे त्याची मान खालीच असायची.

शेतातल्या वालाने माना टाकल्या होत्या. हे पीक गेलं की जमीन फुंकून लिमाला लोकांची धुणी धुवायला जायचं, एवढंच तिच्या हातात उरणार होतं. पेरू देशाच्या या किनाऱ्याला पाऊस कसला! डोंगरातून येणारा मातीचा कालवा आणि ही विहीर, बस्स. दर ऑगस्टात अख्खं गाव फावडी घेऊन कालवा उपसायचं, मग मक्याची आंबवलेली चिचा प्यायचं. पहिला घोट जमिनीला, मग माणसाला.

दोन वर्षांमागे विल्मेरनेच सभेत समजावलं होतं, निम्मं पाणी वाटेत मुरून फुकट जातंय, कालव्याला सिमेंट करा. एउदोसियाने सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. आपलं पोर शिकून आलंय, त्याचा शब्द खाली पडू नये म्हणून. कालवा चकाचक झाला. वाचलेलं पाणी वरच्या अंगाला शतावरी पिकवणाऱ्या कंपनीला मंजूर झालं.

"मुरायचं ना, तेच तुझ्या विहिरीत यायचं," विल्मेर पुटपुटला. "आम्ही ते तोट्यात धरलं. विहिरींच्या भरणात धरायला हवं होतं."

"मग सुधार की मेल्या! चुकलो म्हणून सांग तुझ्या साहेबाला!"

"सांगून काय करू? हिशेब आता जुळलाय." त्याने फीत गुंडाळायला घेतली. "खालच्या विहिरी आटल्या, म्हणजे त्यांचा उपसा शून्य. खोऱ्यात जमिनीत जातं तेवढंच बाहेर निघतं. साहेब खूश आहेत. कंपनीला दिलेलं पाणी परत घ्यायला कारणच उरलं नाही."

एउदोसियाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण मेलो म्हणून यांचं गणित सुटलं! ती तरातरा घरात गेली आणि टँकरच्या विकतच्या पाण्यात केलेली चिचा पेलाभर घेऊन आली. विल्मेरने सवयीने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. अख्खा पेला विहिरीत ओतला. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"हे लिही भरणात," ती म्हणाली. "आणि कंपनीला लगेच कळव, नाहीतर वाया जायचं."