वासावर पांघरलेला गुलाब

मी रूम फ्रेशनरचा डबा. एरवी माझं बोलणं 'फुस्स' एवढंच. आज जरा जास्त बोलतोय, तेही मान खाली घालून.

माझ्या पोटात गुलाब आहे, असं माझ्या पत्र्यावर छापलंय. खरा गुलाब मी पाहिलेला नाही.

मला आणलं नेल पार्लरच्या मॅडमनी. गिऱ्हाइकं दारातच नाक मुरडायची ना! आत दोघी जावा टेबलावर वाकून परक्या बोटांचा जुना रंग उतरवायच्या, नवा लावायच्या. बाटल्या उघड्या, खिडकी मात्र बंद. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणे. डोकं जड झालं की थोरली मला दाबायची.

"झाली बघ हवा साफ!"

मी फुशारायचो. खरं तर त्या बाटल्यांची वाफ तिथेच असायची. मी तिच्यावर गुलाब पांघरायचो, एवढंच.

धाकटीला दोनदा दिवस गेले, दोनदा पोट रिकामं झालं. तेव्हा फळीवर माझीच भावंडं होती. "सासूबाई म्हणतात, जिना धावत चढतेस, दुसरं काय!" धाकटी सांगायची. मग ती बिचारी जिना हळू चढू लागली. कामाचं कुणी विचारलंच नाही.

तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्या म्हणाल्या, या कामामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत," धाकटी सांगत होती. "पण असल्या वाफांनी पाळी बिघडू शकते, गर्भही पडू शकतो. त्यापासून लांब राहा म्हणाल्या."

"अगं, पण आपल्याकडे वास येतोच कुठे?" म्हणत थोरलीने सवयीने मला दाबलं.

धाकटी तोंडावर हात धरून उठली. "जाऊबाई, फेका तो गुलाब! त्यापेक्षा भाऊजींचे मोजे बरे!"

थोरली हसली. मग तिची नजर उघड्या बाटल्यांवर गेली. उठून तिने जोर लावून खिडकी उघडली.

"रंगावर धूळ बसेल!" मॅडम ओरडल्या.

"बसू दे, पुन्हा लावीन. आणि मॅडम, ही आता बाहेर बसून फोन घेईल. आत मी बघते. पण मलाही हवा बाहेर फेकणारा पंखा पाहिजे."

धाकटी आता बाहेर बसते, पंखा मात्र अजून यायचाय. खिडकी सारखी मिटायची, म्हणून तिच्या फटीत मला आडवा अडकवलाय. मी आता रिकामा आहे. धाकटीचे दिवस भरायचेत. ती कशी आहे, हे विचारायला मला तोंड नाही.

एवढंच सांगतो, वास आला तर गुलाब फवारू नका. माझी जागा इथे आहे, फटीत.