ग्रुपवर लावलेलं मूळ

त्या शनिवारी दिपमालाच्या घरी दोनच गोष्टी तापल्या होत्या: परसातल्या चुलीवरचं खापर आणि ओट्यावरची कोकिळा फुई. खापराखालचा जाळ ओढला की खापर निवतं तरी. फुईखालचा जाळ कुठून ओढायचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

फुई म्हणजे दिपमालाच्या वडिलांची थोरली बहीण. धुळ्याहून ती न कळवता जळगावला येऊन थडकली होती. येताना तिने स्वतःची पाण्याची बाटली आणली, स्वतःचे मुरमुरे आणले. बसायला खुर्चीसुद्धा या घरची घेतली नाही. शेजारच्या शाझियाकडून मागून आणली, ओट्यावर दाराच्या बरोबर समोर मांडली आणि ठाण मांडून बसली.

"आत या ना अक्का," दिपमालाची आई प्रमिलाबाई म्हणाली.

"माले बठ्ठं, सगळं सगळं इथून दिसतं. मी राजाचं लग्न पाहायला आले, तुमचं घर नाही."

कुठल्याशा परदेशी राजपुत्राचं लग्न होतं आणि दुपारपासून टीव्हीवर त्याचीच वाजंत्री चालू होती. पण राजाचं लग्न हे नुसतं निमित्त. खरं कारण आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं होतं. आखाजीला सासुरवाशीण लेक माहेरी आणायची तर माहेरचं माणूस तिच्या दारात जायला हवं. त्यालाच मूळ म्हणतात. लेक आधी त्या मुळाला जेवू घालते, मग त्याच्यासोबत निघते. लग्न झाल्यापासून फुईचं मूळ कधी चुकलं नव्हतं. यंदा दिपमालाच्या पप्पांना, म्हणजे योगेंद्रला, दुकानातून सवड नव्हती. मग त्यांनी काय करावं? झोक्याचं चित्र असलेलं एक निमंत्रण घरच्या ग्रुपवर टाकलं. 'सर्व लेकीबाळींनी आखाजीला अगत्य यावे.' खाली जोडलेले हात. त्या ग्रुपवर पाचोऱ्याचा एक विमा एजंटही होता, कुणी घेतला होता देव जाणे. त्याने लगेच लिहिलं, 'धन्यवाद, नक्की येतो.' फुईने काहीच लिहिलं नाही, आणि आखाजीला आलीही नाही.

आली ती आज, भांडायला.

यात दिपमालाचा जीव टांगणीला लागला होता. दहावीची परीक्षा झाली होती आणि धुळ्याच्या कबड्डी संघात तिची निवड झाली होती. नुसती निवड नाही, पहिली चढाई तिची! पण पप्पांनी एकच अट घातली होती. धुळ्यात राहायचं तर फुईच्या घरी, होस्टेल नाही. फुई तुटली की कबड्डी गेली. इतका सरळ हिशेब.

आई परसात मांडे, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या करत होती. घर आगगाडीसारखं लांबट, म्हणून ओट्यावरून टीव्हीही दिसे आणि त्यामागे चूलही.

"कणीक फाटतेय, प्रमिला," फुई ओरडली.

"टीव्ही पाहा अक्का, चूल नका पाहू."

"हातावर घेऊन फिरव, कोपरापर्यंत येऊ दे. रुमाल वाळत घालतेस का?"

आईने पुढचा मांडा खापरावर असा आपटला की शेजारची कोंबडी उडाली.

नवरी मोठ्या सोनेरी बग्गीत बसली तेवढ्यात पप्पा दुकानातून आले.

"पाहा, पाहा," फुई टीव्हीला सांगू लागली. "तिथं घोडे पाठवले. कुणी ग्रुपवर नाही टाकलं की ये म्हणून."

"अक्का, आता लोक लग्नाच्या पत्रिकाही फोनवरच पाठवतात," पप्पा म्हणाले. म्हणू नये ते नेमकं म्हणाले.

"असं? मग मी बी फोनवरच जेवते. पाठव मांड्याचा फोटो!"

"किती ताणायचं? आलात ना आता, जेवा."

"विमावाल्यासंगे एका पंगतीत बोलावलंस मला. हे लग्न सरलं की मी उठते. उठले की मी या घरची नाही अन् तुम्ही माझ्या घरचे नाही. पोरगी धुळ्यात कुठं ठेवायची ते पाहून घ्या."

पण रडेल ती दिपमाला कसली! तिने पदर, म्हणजे ओढणी खोचली, आईला चुलीपुढून सरकवलं आणि कणकेचा उंडा हातावर घेतला. पहिला फाटला. दुसरा राखेत पडला. तिसरा मात्र कोपरापर्यंत पसरला आणि खापरावर अख्खा टेकला. तो ताटात घालून, वर तूप सोडून ती ओट्यावर गेली.

"फुई, हा मी केलाय."

फुईने मांडा डोळ्यांनी उलटापालटा करून पाहिला. हात मात्र मांडीवरून उचलले नाहीत.

"चांगला शे. ने आत, मुंग्या लागतील."

टीव्हीवर राजाराणी गच्चीत येऊन हात हलवू लागले. फुई उठली, शाझियाची खुर्ची शाझियाला दिली आणि चालू लागली.

"पप्पा, जा ना!"

"रस्त्यात तमाशा करू? येईल राग निवला की."

"जाऊ द्या," आई म्हणाली. "सकाळपासून हात जोडतेय मी. माझेही काही हात आहेत की नाहीत?"

कुणीच हललं नाही. मग दिपमालाच उठली. चपला सापडल्या तशा घातल्या आणि पळाली. गर्दीतून कसं निसटायचं ते काय तिला शिकवायला हवं? बस स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती. फुई खिडकीशी बसली होती.

"फुई, उतर. मी मूळ आलेय."

अख्खी बस वळून पाहू लागली.

"पोरगी कधी मूळ असते का व?"

"पोरगा नाही घरात. चढाईला मीच जाते."

"अन् मूळ लेकीच्या सासरी येतं. एसटीत नाही."

हे मात्र खरं होतं. दिपमाला फुईच्या शेजारी धपकन बसली.

"चल मग तुझ्या सासरी."

कंडक्टर आला तेव्हा फुई समोर पाहतच म्हणाली, "दोन धुळे. दोन्ही बाया."

एरंडोलला फुईने पर्समधून फोन काढला आणि एकेक अक्षर ठोकत घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'दिपमाला माझ्यासोबत शे. उद्या येतो. शिळे मांडे चालणार नाहीत.' लगेच पप्पांचा फोन आला. फुईने तो कापला. परत आला, परत कापला.

"वाजू दे. त्याला ग्रुप आवडतो ना? तिथं बोल म्हणावं."

दिपमालाच्या पोटात कावळे ओरडत होते. मुरमुऱ्यांची पिशवी फुईच्या मांडीवरच होती. दिपमालाचा हात तिकडे सरकताच फुईने तो फटकारला.

"मुळाने वाटेत खायचं नसतं. घरी गेल्यावर मी वाढेन तेव्हा."

"बरं."

"अन् उद्या लवकर उठायचं. तुझं ते मैदान आधी पाहून घेऊ, मग निघू. तुझ्या बापाशी मी बोलणार नाही, सांगून ठेवते."

"नको बोलूस," दिपमाला म्हणाली आणि हाताला चिकटलेली कणीक खिडकीबाहेर झटकू लागली.