निम्मं शेत जिवाणूंचं

म्हाताऱ्याला दोन मुली आणि गव्हाचं एकच सलग शेत. थोरली घरी राहिलेली, धाकटी शहरात शेतीचंच शिकून, नोकरीला विटून परत आलेली. शेताचे तुकडे करायचे नाहीत, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. निम्मं निम्मं पेरा, म्हणाला. जिचा गहू सरस, शेत तिचं. दुसरीने आपली वाट धरावी.

धाकटी निर्धास्त होती. तिच्याकडे जिवाणूंची पाकिटं होती. हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे हे जीव बियाण्याला चोळायचे, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. कडक उन्हात ते मरून जातात. हे सगळं तिने थोरलीला हौसेने समजावलं. काहींच्या पोटात शहाणपण राहतच नाही.

जिवाणू चोळलेलं बियाणं गोदामात पसरून ती पेरणीयंत्र धुवायला गेली. परतली तर थोरलीने बियाणं पोत्यात भरूनही ठेवलेलं.

“ताई, माझं कामच हलकं केलंस गं.”

“मग बहीण कशाला असते?” थोरली म्हणाली.

जिवाणूंच्या भरवशावर धाकटीने युरिया निम्माच दिला. गहू गुडघ्याला लागला तेव्हा थोरलीचा हिरवागार, आणि हिचा कावीळ झाल्यासारखा. ती रोपं उपटून मुळं बघायची आणि रडायची. थोरली बांधावरून चुकचुकायची.

मळणी झाली. धाकटीने बॅग भरली आणि बापासमोर उभी राहिली. “बाबा, माझं कुठे चुकलं तेच कळत नाही.”

“तिने तुझं बियाणं अंगणात उन्हात टाकलं होतं. मी खिडकीतून बघत होतो.”

धाकटीने बॅग खाली ठेवली. “मग बोलला का नाहीत?”

“पोत्यात हात घातला असतास तर बियाणं तापलेलं लागलं असतं. तू तिचे आभार मानत बसलीस. शेत राखणाऱ्याने इतकं भोळं असून चालत नाही.” त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

“गोदामात सांडलेलं मूठभर बियाणं मी विहिरीमागे लावलं होतं,” तो पुढे म्हणाला. “युरिया तुझ्याइतकाच दिला. सगळ्यात भारी गहू तोच आला. पुढच्या वर्षी सगळं शेत तसंच पेरायचंय. ती पाकिटं कुठे मिळतात, तेवढं ताईला सांगून जा.”

थोरली फोन हातात घेऊन दारातच उभी होती.

“सांग गं,” ती म्हणाली.