लांबलेलं शवासन

सासूबाईंचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, म्हणून तिने खाली बसून खुर्चीपाशी दोन लाकडी ठोकळे सरकवले आणि त्यांचे तळवे एकेक करून त्यावर ठेवले.

"गार आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"पाय की ठोकळे?"

"दोन्ही. आणि तुझे हात त्याहून गार. सकाळी काही खाल्लंस का?"

"खाल्लं."

"काय?"

तिला आठवेना. ठोकळा जरासा पुढे ढकलत ती म्हणाली, "दाबून बघा. टाच पूर्ण टेकतेय?"

"टेकतेय बाई, टेकतेय. ऊठ आता, नाहीतर माझ्याआधी तुझेच गुडघे जायचे."

क्लबाचा तो हॉल एरवी टेबल टेनिसचा. शनिवारी दुपारी टेबल दुमडून भिंतीला लावायचं, पुढे चटया अंथरायच्या आणि मागे खुर्च्यांची रांग. ज्यांना खाली बसता येत नाही ते खुर्चीवाले, बाकीचे चटईवाले. आसनं तीच, फक्त खुर्चीवाल्यांची उंची वेगळी. वर्ग सात शनिवारांचा होता, दर शनिवारी एक केंद्र, पाठीच्या कण्याच्या तळापासून सुरू करून वर. योगाच्या बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि अजूनही कण्याबद्दल बोलताना नदीच्या खोऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. मूलाधार म्हणजे पृथ्वी, तिथे फक्त एवढंच जाणायचं की आपल्याला खालून कुणीतरी धरलेलं आहे. मग पाणी, अग्नी, वारा, आकाश. आज सातवा शनिवार. आज टाळूपर्यंत पोचायचं होतं.

ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर काचपट्ट्या रंगवायच्या, भिंगाखाली पेशी बघायच्या आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. पहिल्याच दिवशी तिने बाईंना विचारलं होतं, "हे कमळ शरीरात नेमकं कुठे असतं?"

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या होत्या. "लक्ष कुठे न्यायचं, त्याचा तो पत्ता आहे. घर असेल-नसेल, पत्ता कामाला येतो."

ते उत्तर तिला आवडलं होतं. त्या त्या उंचीवर मज्जातंतूंची जाळी असतात हे तिला माहीत होतं. पण दोन्हींची गाठ मारायचा मोह बाईंनी केला नाही, आणि तिनेही नाही. ठोकळ्यांवर पाय दाबले की सासूबाईंचे खांदे खाली येतात, एवढं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

तिच्या शेजारच्या चटईवर घड्याळवाले काका होते. घड्याळं दुरुस्त करून करून त्यांच्या पाठीला बाक आला होता.

"आमच्या धंद्यात चक्रं एकमेकांत अडकली तरच काटा हलतो," ते चटई झटकत म्हणाले. "बाईंचं उलटंच. अडकलं की माणूस बंद."

"तुमचं तोंड कुठल्या चक्रावर चालतं हो?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"त्याला किल्ली लागत नाही, वहिनी. आपोआप."

"तेच म्हणते. जरा बंद पडू द्या की."

हॉल हसला. तीही हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की गालांचे स्नायूसुद्धा दुखताहेत.

सासऱ्यांची स्मृती गेल्याला आता बराच काळ लोटला होता. आयुष्यभर त्यांनी नकाशे काढले होते. आता रात्र झाली की त्यांचं ऑफिस सुरू व्हायचं. उठून, बूट घालून ते दाराशी उभे राहायचे आणि मोजपट्टी मागायचे. तिला ते 'मॅडम' म्हणायचे. तिने सांगितलं की बसायचे, कागद दिला की रेघा मारायचे. पहाटेपर्यंत असं चालायचं. मुलगा दिसला तर ते वाद घालायचे. आणि सासूबाई दिसल्या तर घाबरायचे. "या बाई कोण? यांना घरी पाठवा," असं ओरडायचे. एकदा त्यांनी हातातला पेला फेकून मारला होता. त्या रात्रीपासून सासूबाई आतल्या खोलीचं दार लावून झोपायच्या. झोपायच्या म्हणजे दाराखालच्या फटीतून उजेड दिसत राहायचा.

नवरा पहाटे पाळीला जायचा, जड यंत्रं चालवायचा. त्याला झोप हवीच होती. यात कुणाची चूक काढावी, असं कुणी नव्हतं. 'मला झोपायचंय' हे वाक्य तिने कितीदा तरी मनात तयार केलं होतं. पण घरात दमलेलं कोण नव्हतं? ते म्हणायला तोंड उघडावं, तर समोर आपल्याहून दमलेला चेहरा उभा असायचा.

मग सासूबाईंचे गुडघे सुजले. डॉक्टरांनी खुर्चीवरची योगासनं सांगितली, त्यांना जिने चढवायला कुणीतरी हवं म्हणून ती बरोबर आली आणि तेवढा वेळ नवरा वडिलांपाशी थांबू लागला. ठोकळे लावून झाल्यावर नुसतं काय बसायचं म्हणून बाईंनी तिला एक चटई दिली.

वर्गाच्या शेवटी शवासन असायचं. "इथे झोपायचं नसतं," बाई दर वेळी सांगायच्या. "झोप हीसुद्धा मनाची एक वृत्तीच. ती येते, तीही बघायची. आपण साक्षी राहायचं." हे वाक्य तिने कधीच पूर्ण ऐकलं नव्हतं. 'वृत्ती'च्या आसपास कुठेतरी ती नाहीशी व्हायची आणि कुणीतरी खांद्याला हात लावला की परत यायची. आठवड्यातली ती एकच सलग झोप. त्यावर ती पुढचे दिवस काढायची. गेल्या महिन्यात तिने दोन रुग्णांच्या काचपट्ट्यांवर एकमेकांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. पाठवायच्या आधी लक्षात आलं. नंतर ती भांडारघरात जाऊन बराच वेळ उभी राहिली होती.

आज पहाटे बूट चढवता चढवता नवरा म्हणाला होता, "आज संपला ना तुमचा वर्ग? बरं झालं. डॉक्टरही म्हणाले, सूज उतरलीय, आता घरच्या घरी करा. पुढच्या शनिवारपासून मी जादा पाळी घेतो."

ती "बरं" म्हणाली होती.

श्वास वर न्या, बाई सांगत होत्या. हृदयाशी थांबा, कंठाशी थांबा, भुवयांच्या मध्ये. खुर्चीवाले हात वर करत होते, चटईवाले पाठ ताठ करून बसले होते. शेवटी टाळूवर लक्ष. इथे काहीच करायचं नाही, बाई म्हणाल्या, करणारा खालीच राहिला. तिने लक्ष टाळूवर न्यायचा प्रयत्न केला. तिथे तिला फक्त केस ओढल्यासारखी एक जुनी ठसठस सापडली.

पडदे ओढले गेले. ती चटईवर आडवी झाली, हात बाजूला सोडले, तळवे वर. बाईंचं वाक्य सुरू झालं, 'वृत्ती' आलं, 'साक्षी' आलं, वाक्य संपलं. आणि ती जागीच होती.

शेवटचाच शनिवार म्हटल्यावर झोप आलीच नाही. हातात धरून ठेवलेली वस्तू कुणी ओढून घ्यावी, तशी ती झोपेच्या मागे लागली आणि झोप लांब लांब गेली. मग तिने नाद सोडला. पडून राहिली. पंख्याचा आवाज, खालच्या रस्त्यावरून जाणारं एखादं वाहन, काकांचा शिटीसारखा श्वास. बराच वेळ गेला असावा, कारण एरवी आत्तापर्यंत खांद्याला हात लागायचा.

भिंतीशी ठेवलेल्या तिच्या पिशवीत फोन गुरगुरला.

उठावं की नाही याचा विचार तिच्या जड डोक्यात पूर्ण व्हायच्या आत मागे खुर्ची हलली. तिने डोळे अगदी थोडे उघडले. सासूबाई उठल्या होत्या. कशालाही न धरता त्या चटयांच्या मधून झपझप गेल्या, भिंतीशी पोचून सरळ उकिडव्या बसल्या, टाचा टेकवून, आणि दोन्ही हातांनी पिशवी उचकून त्यांनी फोन काढला. तशाच बसल्या बसल्या तो कानाला लावला.

"ओरडू नकोस. काय झालं? … ती नाही बोलणार आत्ता. ध्यान चाललंय." आवाज कुजबुजीएवढाच होता, पण हॉल इतका शांत होता की शब्द न् शब्द कळत होता. "मोज्यांचा खण उघडून दे त्यांच्यापुढे. जोड्या लावत बसतात. … मला काय विचारतोस कसं माहीत? दाराआडून बघते ना रोज. … नाही, उठवणार नाही मी तिला. … अरे, माझे गुडघे आज फार धरलेत, जिना उतरायलाच वेळ लागेल. ठेव."

फोन पिशवीत गेला. सासूबाई हात न टेकता उठल्या. दाराशी योगाच्या बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि भुवया उंचावून सासूबाईंकडे. सासूबाईंनी बोटांच्या चिमटीत थोडंसं अंतर दाखवलं: अजून जरा. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा हात मांडीवर ठेवले.

तिने नजर बाजूला वळवली. घड्याळवाले काका छताकडे टक्क डोळे उघडे ठेवून प्रेतासारखे पडले होते. त्यांनी अतिशय सावकाश एक बोट उचललं, नाक खाजवलं आणि बोट परत होतं तिथे ठेवलं. त्यांच्या पलीकडच्या चटईवरची बाई जांभई दाबत होती. सगळे जागे होते. वेळ केव्हाच संपली होती आणि तरीही सगळे मेल्यासारखे पडले होते.

तिने डोळे मिटले. घट्ट मिटले तर कळेल म्हणून अलगद मिटले. पापणीखालून पाणी कानाकडे ओघळलं, ते तिने पुसलं नाही. आणि त्यानंतर केव्हातरी, तिला न कळता, ती झोपली.

खांद्याला हात लागला तेव्हा पडदे उघडले होते. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पाय ठोकळ्यांवर.

"ये गं, उतरव मला," त्या म्हणाल्या. "आज फारच कळा येताहेत."

घरी नवरा मोज्यांच्या ढिगाशेजारी बसला होता. सासरे शांतपणे दोन वेगळ्या रंगांचे मोजे एकमेकांत घालत होते. त्यांनी मान वर केली, तिला पाहून "या मॅडम" म्हणाले, आणि तिच्या मागे उभ्या सासूबाईंकडे लक्ष जाताच त्यांचे हात थांबले. सासूबाई एक पाऊल मागे सरकून दाराच्या आड झाल्या.

"उशीर केलात," नवरा म्हणाला. "असो. संपलं एकदाचं."

"कुठलं संपतंय," सासूबाई दाराआडून म्हणाल्या. "माझं पहिल्यावरच अडकलंय."

"काय अडकलंय?"

"मूलाधार. पुढे सरकलेलंच नाही. बाकीचे गेले टाळूपर्यंत, मी आपली बुडाशीच. बाई म्हणाल्या, पुढच्या शनिवारी नवा वर्ग सुरू होतोय, परत पहिल्यापासून बसा."

"म्हणजे नापास?"

"नापासच."

नवऱ्याला हसू आलं, पण ते लगेच ओसरलं. त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "आई, डॉक्टर म्हणाले ना बरे झालेत गुडघे? मी पाळीचं सांगून आलोय." मग तो तिच्याकडे वळला. "तू सांग. तू उगाच बोलायची नाहीस. फरक आहे की नाही?"

ती उभी होती तिथे पिशवीचा बंद सारखा करत राहिली. दाराच्या कडेला सासूबाईंची बोटं दिसत होती, तेवढीच.

"डॉक्टरांनी त्या बसलेल्या असताना पाहिलं," ती म्हणाली. "जिन्यावर मी बघते."

"मग?"

"अजून बरेच दिवस लागतील."

नवरा काही वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मोज्यांतला एक जोड उचलला, तो वेगळ्या रंगांचा आहे हे पाहिलं आणि न सोडवताच खणात ठेवला. "सांगतो उद्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी देतील पाळी."

दाराच्या कडेवरची बोटं हलली. सासऱ्यांचं लक्ष मोज्यांत आहे हे पाहून सासूबाई पुढे आल्या आणि वर्गातून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनेही नजर चुकवली नाही. मग सासूबाईंनी कण्हत कंबरेवर हात ठेवला आणि दुसरा पुढे केला.

"धर गं. आत ने."

आधार द्यायला तिने खांदा घट्ट केला, पण त्या हातात वजनच नव्हतं. तरीही दोघी अगदी सावकाश, एकेक पाऊल जपून टाकत, आतल्या खोलीकडे निघाल्या, कारण नवरा अजून बघत होता.