बाळाच्या सीटबद्दलचे पत्र

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर बावीस दिवस दिले गेले नाही. पत्र आजोबांना आले होते, पण होते माझ्याबद्दल. मी लहान मुलांना मोटारीत बसवायची एक जुनी सीट आहे. जन्मल्यापासून चार वर्षांपर्यंतचे मूल माझ्यात बसते. सांगण्याजोगे माझ्याकडे फारसे नाही, आणि आहे ते नीट सांगता येईल का, याचीही शंका वाटते. तरी सांगते.

पत्र आजोबांच्या मुलीचे होते. ती दुसऱ्या गावी राहते. आजोबांना फोनवर बोलणे जमत नाही. ‘हो’, ‘बरं’ आणि ‘थांब, आईला देतो’ यांतच त्यांचे बोलणे संपते. म्हणून बापलेकीत पत्रे चालतात. तिने लिहिले होते, ‘बाबा, दोन महिन्यांत बाळ येईल. चिऊची सीट तुमच्या माळ्यावर आहे ना? तीच वापरू म्हणते. इथला दुकानदार म्हणाला, जुनी वापरा, पण तिला कधी अपघात झालेला नाही याची खात्री करून घ्या. मला हसूच आलं. तुम्ही तर मुंगीला वाट देत गाडी चालवता! तरी एक ओळ लिहून कळवा, म्हणजे हेही निर्धास्त होतील.’

आजोबांनी पत्राची घडी करून ती हातातल्या पुस्तकात ठेवली. मग ते पुस्तक कपाटात ठेवले आणि दुसरे वाचायला घेतले.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेर प्लास्टिकचे कवच, आत थर्माकोलचा जाड थर, त्यावर स्पंज, त्यावर करडे कापड, आणि मुलाला धरून ठेवायला पाच पट्टे. माझ्याच खेपेतल्या एका बहिणीला चाचणीसाठी वेगळे काढले. तिच्यात एक बाहुला बसवला आणि तिला वेगाने आदळवले. बाहुला जागचा हलला नाही. सगळ्यांनी तिचे कौतुक केले आणि नंतर तिला कचऱ्यात टाकले. आम्ही एकदाच आदळण्यासाठी असतो, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

दुकानात मला निवडायला तिघे आले होते, आजोबा, त्यांची मुलगी आणि जावई. चिऊ तेव्हा आईच्या पोटात होती. जावयांचे मन एका लाल सीटवर बसले होते. दुकानातल्या बाई ठाम होत्या. “रंग बाळाला दिसत नाही हो. आधी गाडीत लावून बघा. गाडीत डुगडुगली तर सोन्याची असली तरी नको.” लाल सीट डुगडुगली. मी हलले नाही. बाईंनी सांगितले, की पहिली दोन वर्षे तरी बाळाचे तोंड मागच्या काचेकडे ठेवा, जाड जाकीट घालून पट्टे लावू नका, आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत येत असेल तर तो सैल आहे असे समजा.

तेवढ्या वेळात आजोबा माझे सूचनांचे पुस्तक उभ्यानेच वाचून काढत होते.

“बाबा, सूचना वाचताय की कादंबरी?”

“छपाईच्या चार चुका आहेत,” आजोबा म्हणाले. “पण मजकूर चांगला आहे.”

पुढे मी आजोबांच्याच गाडीत राहिले, कारण चिऊला पाळणाघरातून आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. तीन वर्षे मी त्या मुलीला धरून ठेवले. तिने माझ्यावर दूध सांडले, बिस्किटे चुरडली, पट्टा चोखून त्याचा रंग घालवला. आजोबा गाडी चालवताना तिला गोष्ट सांगत. एरवी चार माणसांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ते तिथे वाघाचे आणि म्हातारीचे आवाज काढत.

एका दुपारी गोष्ट ऐन रंगात आली होती. चिऊने विचारले, “मग काय झालं?” आजोबा मुद्दाम गप्प राहून तिची गंमत करत होते. तिचा चेहरा बघायला त्यांनी क्षणभर मान वळवली. समोर एक ट्रक उभा होता.

पट्टे ताणले गेले. माझ्या पाठीत काहीतरी कट् झाले. चिऊला साधे खरचटलेही नाही. ती आधी रडली आणि मग तिने पुन्हा विचारले, “मग काय झालं?”

मेकॅनिक वयाने तरुण होता, पण स्पष्ट बोलला. “काका, बोनेट मी सरळ करून देतो. ही पोरीची सीट मात्र टाकून द्या. वरून दिसत नाही, आतून गेलेली असते.”

“हो, हो. टाकतो,” आजोबा म्हणाले.

त्यांना हे ठाऊक होते. माझ्या पुस्तकात तसे वाक्य होते आणि त्याच्याखाली त्यांनीच पेन्सिलीने रेघ मारली होती. पण नवी सीट आणली असती तर कारण सांगावे लागले असते.

संध्याकाळी चिऊने घरात जाहीर केले, “आमची गाडी धडाम् झाली!” तिची आई हसली. “आजच्या गोष्टीत गाडी पण होती का बाबा?” आजोबाही हसले. त्यांनी फक्त हसण्यात हसणे मिसळले, दुसरे काही केले नाही. आठवड्याने त्यांनी डोळ्यांचे निमित्त सांगून गाडी चालवणे सोडले. चिऊसाठी तिच्या आईने मोठी सीट आणली, ते लोक दुसऱ्या गावी गेले, आणि मी माळ्यावर. मला वाईट वाटले नाही. काहीच वाटले नाही. थर्माकोलला काय वाटणार?

बाविसाव्या दिवशी आजींनी मला खाली काढले. माझे कापड धुऊन वाळवले, बक्कल पुसले. “बघा, कशी नव्यासारखी दिसते! रविवारी जावई येतील, त्यांच्याबरोबर देऊ. अहो, पुस्तक ठेवा आणि एवढं कापड तेवढं चढवा. आणि पोरीला उत्तर लिहिलंत का? फोनवर रोज विचारते. मी म्हणते, लिहितील, अजून शब्द निवडतायत.”

आजोबा जमिनीवर बसले. स्पंज बाजूला करून ते हाताने थर्माकोल चाचपू लागले. जिथे मुलाचे डोके टेकते तिथे बोट थांबले. केसाएवढी बारीक भेग होती, या कानापासून त्या कानापर्यंत. त्यांनी तिच्यावरून तीनदा बोट फिरवले. चेहऱ्यावर काही दिसले नाही.

मग त्यांनी आजींना सगळे सांगितले. ट्रक, मेकॅनिक, हसणे. आवाज चढला नाही की दाटला नाही. वाचून दाखवावे तसे सांगितले.

“दोन वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात,” आजी म्हणाल्या. मग उठल्या. “कात्री आणते. नुसती बाहेर ठेवली तर कुणीतरी उचलून नेईल. आपलं बाळ वाचेल आणि त्याचं बसेल हिच्यात.”

पाचही पट्टे त्यांनी कापले. आजोबांनी जाड पेनाने माझ्या पाठीवर लिहिले, ‘अपघातातली सीट. वापरू नये.’ मग ते पत्र लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर मजकूर थोडाच होता. ‘सीट वापरू नकोस. तिला अपघात झाला आहे. गाडी मी चालवत होतो आणि चिऊ आत होती. तेव्हा ती खरं बोलत होती, हे तिला सांग. नवी सीट आधी गाडीत लावून बघ. मी तुला हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं.’

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकू नका. माझे म्हणणे उलटे आहे. एकदा आदळलेल्या सीटला जपू नका. ती धुतली की नवी दिसते, हाच तिच्यातला धोका आहे. आणि ती आदळली हे ज्याला माहीत आहे, त्याने ते सांगावे. मला स्वतःला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा मला टाकायला निघाले. एका काखेत मी, दुसऱ्या हातात पाकीट. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते थांबले. मागून एक माणूस आला, त्याला त्यांनी आधी पत्र टाकू दिले. मग आणखी एका बाईंना. मग मागे कुणी उरले नाही. त्यांनी हात मनगटापर्यंत पेटीत घातला आणि पाकीट सोडले.

हात रिकामा बाहेर आला. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले.