एका शब्दावाचून अडलेली बी

मित्रांनो, मी ढोबळी मिरचीची एक जुनी बी आहे. कधीची पाकिटात अडकून पडले आहे, आणि त्या पाकिटावर छापलं आहे नुसतं ‘मिरची’.

माझा जन्म एका लालभडक फळात झाला. तिथे आम्ही बहिणी ऐसपैस होतो. मग आम्हाला काढून सावलीत वाळवलं, पाकिटात कोंबलं आणि तोंड चिकटवून टाकलं. पाकीट हललं की एकमेकींच्या अंगावर पडायचं, थांबलं की गप्प बसायचं, एवढंच काय ते जगणं.

आमची सगळी पाकिटं घेऊन बियाणेवाले काका रोपवाटिकेच्या मावशींकडे गेले. मावशी भलत्या चोखंदळ! पारखल्याशिवाय कोणाचंच बियाणं घ्यायच्या नाहीत. त्यांनी एक पाकीट फोडून त्यातल्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. झाडून सगळ्यांना मोड आले. मला वाटलं, सुटले एकदाची! पण मावशींनी ती रोपं वाफ्यात लावली आणि फळं धरेपर्यंत आम्हाला तसंच ठेवलं. फळं लागली ती ढोबळीच. ढोबळीच्या पोटी दुसरं काय येणार?

काका आले तसा मावशींचा पारा चढला.

“तिखट मिरची समजून लोक रोपं नेणार, आणि त्यांना हे फुगे लागणार. शिव्या मी खायच्या?”

“अहो, ढोबळी काय नि साधी काय, मिरची ती मिरचीच!”

“वा! मी तुम्हाला काका म्हणते आणि तुम्ही मलाच मामा बनवता?” मावशी म्हणाल्या. मग जरा नरमल्या. “बियाणं तुमचं खणखणीत आहे. फक्त पुढे ‘ढोबळी’ लिहा, सगळी पाकिटं घेते.”

मी जीव मुठीत धरून ऐकत होते. एका शब्दाचं तर काम होतं! पण काका हट्टाला पेटले.

“छापून झालंय. आता काय हाताने लिहीत बसू?” असं म्हणून त्यांनी आम्हाला पिशवीत भरलं.

तेव्हापासून आम्ही त्यांच्या गोदामात आहोत. सुरुवातीला बहिणी कुजबुजायच्या. आता हाक मारली तरी बऱ्याच जणी ओ देत नाहीत. मला फार भीती वाटते. मित्रांनो, तुमच्यावर कधी कोणाचं नाव लिहायची वेळ आली, तर आळस करू नका, पूर्ण लिहा. मी अजून जिवंत आहे. या हंगामात कोणी मातीत टाकलं तर नक्की उगवेन. पुढच्या हंगामाचं मात्र मला सांगता येत नाही.